सारजाबाईंनी आणलेलं देवीचं लुगडं

सोलापूर इंग्रजांचं आणि आमचं गाव निजामाचं. मधे करोडगिरीचा नाका. पलीकडून काही आणायचं तर तिथं जकात द्यावी लागे. लढाईच्या वर्षांत कापडावर कंट्रोल आला आणि जकात भरायची तयारी असली तरी कापड इकडं येईना. त्या काळात गावातल्या बायकांची अब्रू सारजाबाईंनी राखली, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो.

सारजाबाई विधवा होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या. सोलापूरच्या विणकरांकडून त्या लुगडं आणत आणि नाक्यावर सांगत, "देवीचं हाय." तुळजापूरच्या भवानीला वाहायचं लुगडं कोणी शिपाई अडवत नसे. खरं तर बऱ्याच बायका असंच सांगत आणि लुगडं सरळ घरी नेत. सारजाबाईंचं तसं नव्हतं. वाटेतलं आपलं गाव मागं टाकून त्या तुळजापूरला चालत जात, लुगडं देवीच्या पायांवर घालत आणि पुजाऱ्यानं प्रसाद म्हणून परत दिलं की मगच ते गरजेच्या घरी पोचवत.

बायका हसत. "सारजाक्का, देवी काय नाक्यावर बसलीया व्हय ऐकायला?"

"मग कुठं बसलीया?" त्या विचारत.

एका माघात त्यांनी शेजारच्या नीलम्मासाठी लुगडं आणलं. नीलम्माच्या घरी सासू-सुनेत एकच धड लुगडं उरलं होतं. एक विहिरीवर गेली की दुसरी दाराआड. ज्वारीची काढणी तोंडावर आली होती आणि दोघींचे हात लागल्याशिवाय ती उरकणार नव्हती.

नाक्यावर नवा जमादार आला होता. नाव विरुपाक्ष, गुलबर्ग्याकडचा कानडी.

"अव्वा, तुमच्या देवीला लुगडी लागतात तरी किती ओ?"

"तुमच्या सरकाराला जकात किती लागती, इचारलं का म्या कधी?"

शिपाई हसले आणि जमादार चिडला. "चला, मीच येतो संगट. देवीला वाहिलं तर हात जोडीन. घरी नेलं तर चावडीत बसवीन."

दोघं तुळजापूरला पोचले तेव्हा संध्याकाळची पूजा व्हायची होती. सारजाबाईंनी लुगडं वाहिलं. पुजाऱ्यानं सवयीनं ते उचललं आणि पुढं केलं. "घ्या बाई, प्रसाद."

"असं हाय व्हय!" जमादार मागून म्हणाला. "या हातानं द्यायचं, त्या हातानं घ्यायचं."

सारजाबाईंचा हात पुढं झालाच होता. नीलम्माचं दार त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असणार. पण त्यांनी हात मागं घेतला.

"नको, पुजारीबुवा. आज हे आईलाच नेसवा."

"जाडंभरडं हाय ओ."

"तिच्या लेकी हेच नेसत्यात."

पुजारी लुगडं घेऊन गाभाऱ्यात वळला. त्या संध्याकाळी भवानीमातेनं आमच्या बायकांचं लुगडं नेसलं. जमादारानं हात जोडले. त्याला नाक्यावर परत जायचं होतं, पण तो गेला नाही. देवळाच्या ओवरीतच राहिला. सारजाबाईही राहिल्या. रिकाम्या हातानं नीलम्माकडं जायला त्यांचा पाय उचलत नव्हता.

सकाळच्या अभिषेकाआधी लुगडं उतरलं. पुजाऱ्यानं त्याची घडी घातली आणि ती जमादाराच्या हातावर ठेवली. "तुम्ही सरकारी माणूस असून इथं राहिलात. आजचा मान तुमचा."

जमादार सारजाबाईंकडं वळला. नंतर हळूच म्हणाला, "अव्वा, खरं सांगा. हे कुणासाठी आणलं होतं?"

चावडीचा धाक होताच. तरी सारजाबाई म्हणाल्या, "आमच्या नीलम्मासाठी. सासू-सुनेत एकच हाय. पण नाक्यावर देवीचं म्हणाले, म्हणून आधी देवीला."

"आणि देवीनं परत नसतं दिलं तर?"

"तर तिचंच व्हतं की."

जमादारानं घडी काखेत धरली आणि सारजाबाईंच्या मागोमाग आमच्या गावात आला. त्याच्या कमरेचा करोडगिरीचा पट्टा बघून लोक ओट्यांवरून उठले. नीलम्माच्या दारात त्यानं पायताण काढलं. ती दाराआडून बाहेर येईना, तेव्हा त्यानं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि तिच्याच कानडीत सांगितलं, की ताई, हे तुमचंच आहे, माझ्या नाक्यावरून रीतसर आलंय.

दुसऱ्या दिवशी सासू आणि सून दोघी मिळून काढणीला निघाल्या. त्यांच्या पुढं विळा घेऊन सारजाबाई चालत होत्या.