सत्कार चुकवणारे आबा फुलबॅक

आबा फुलबॅक कशालाच भीत नसत, फक्त सत्काराला भीत. बिडकीनच्या शेतात वाढलेला माणूस. वाटेत साप आला तर काठीने बाजूला सारून पुढे जाणार. फुटबॉलच्या मैदानात समोरून लष्करी छावणीच्या संघाचा धिप्पाड सेंटर फॉरवर्ड बूट घालून धावत आला, तरी आबा अनवाणी त्याच्यासमोर उभे राहत आणि उसनी नेलेली वस्तू परत मागावी तसा चेंडू काढून घेत. पण कुणाच्या हातात घडी घातलेली शाल दिसली की त्यांच्या तोंडचं पाणी पळे.

ही भीती समजायची तर आधी आमचं शहर समजून घ्यायला हवं. औरंगाबादेत तेव्हा माणसाला कुणी काढून टाकत नसे. त्याचा सत्कार करत. निजामाच्या राज्यात तहजीब अशी काही अंगात मुरलेली, की 'उद्यापासून येऊ नका' हे तोंडावर सांगणं कुणाला जमत नसे. मग एखाद्या रविवारी शाल, श्रीफळ, हार यायचा. कुणीतरी उठून म्हणायचं, 'यांचं मार्गदर्शन आपल्याला यापुढेही लाभत राहील.' हे वाक्य कानावर पडलं की शहाण्या माणसाने आपली छत्री घेऊन घरी जावं.

पोलीस ॲक्शननंतर शहर हळूहळू सावरत होतं, त्या दिवसांत आबा गिरणीत कामाला लागले आणि गिरणीच्या संघाचे फुलबॅक, म्हणजे आपल्या गोलाची राखण करणारे, झाले. मैदानाची मधली रेघ त्यांनी कधी ओलांडली नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलताना ती ओलांडावीच लागे, पण तेही ते नाइलाजाने करत. गोल मारावासा वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पेरायला समदेच पुढं येत्यात. राखणीला कोण बसतं, सांग."

गुडघा गेला तेव्हा गिरणीने त्यांना संघाचा मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे चेंडूत हवा भरायची, मध्यंतरात लिंबं कापायची आणि कोण कुठे खेळणार ते ठरवायचं. आबांनी हवा भरली, लिंबं कापली आणि सगळ्यांना मागे खेळायला लावलं. "मागं या!" एवढंच त्यांचं ओरडणं असे. गिरणी हरेना, पण जिंकेनाही. आमखास मैदानावर पानवाले चाचा हात जोडून म्हणायचे, "मियाँ, ये फुटबॉल है के चौकीदारी?" आबा गंभीरपणे सांगायचे, "चौकीदारीच हाय, चाचा." मोसम संपला आणि गिरणीने त्यांचा सत्कार केला.

मग खुलताबादच्या संघाने बोलावलं. तिथेही तेच घडलं. फक्त सत्कारात श्रीफळाच्या जोडीला पेरूची पाटी मिळाली. बिडकीनकरांची मात्र पंचाईत झाली. घरच्या माणसाचा सत्कार करणार कसा? म्हणून त्यांनी आबांना तहहयात सल्लागार नेमलं आणि सल्ला विचारणं बंद केलं. आबा कुणाला वाईट बोलले नाहीत. पण एका संध्याकाळी मैदानाच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "एवढं मन लावून शिकवावं आन् पोरं जरा शिकायला लागली की नारळ हातात. एकदा तरी कुणी शेवटपर्यंत ठिवून घ्यावं गड्या." यापलीकडे या माणसाला जगाकडून काही नको होतं.

असे ते आमच्या क्रीडा मंडळात मॅनेजर म्हणून आले. मी गोलकीपर, म्हणून ते मला 'गोली' म्हणत. आमचं मंडळ इतकं हरत असे की समोरच्या संघातली मुलं सामन्यानंतर माझ्या घरी तब्येत विचारायला येत. पहिल्याच सरावाला आबांनी चेंडू पोत्यात घालून ठेवला आणि पिशवीतून दावं काढलं. मळणीला बैल एका ओळीत जुंपतात, तसे चार बॅक त्यांनी त्या एकाच दाव्याने कमरेला बांधून एका रांगेत उभे केले. एक डावीकडे सरकला की चौघांनी सरकायचं. कॉलेजात जाणारी ती मुलं. येणारेजाणारे बघून हसत आणि यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. एकदा आमचा उजवा बॅक मोह न आवरून पुढे धावला आणि चौघेही तोंडावर पडले. आबा जवळ गेले, कुणाला लागलं का ते पाहिलं आणि म्हणाले, "बैलाला कळतं, तुमाला कळंना व्हय? चला, उठा."

दोन महिन्यांत माझ्याकडे चेंडू येईनासा झाला. मी गोलात उभा राहून थंडीने काकडू लागलो.

मंडळाचे अध्यक्ष शेठजी कापडाचे व्यापारी. त्यांना गोल हवे होते. मोठमोठे पाहुणे ते सामन्याला आणत आणि पाहुणे खुर्चीतच पेंगत. एकदा तर मुंबईचे एक गृहस्थ उत्तरार्धात घोरू लागले. शेठजींनी त्या आठवड्यात दुकानातली एक चांगली शाल बाजूला काढून ठेवली.

निरोप मी नेला. "आबा, रविवारी तुमचा सत्कार आहे." ते लिंबं निवडत होते. हात थांबला.

"कोणी ठरीवलं?"

"शेठजींनी."

"पोरायला कसं वाटतं?"

"पोरांना तुम्ही हवे आहात."

"मग येतो," म्हणाले आणि पुन्हा लिंबं निवडू लागले.

रविवारी आबा इस्त्रीचं धोतर नेसून आले. प्रमुख पाहुणे परगावचे, आबा कोण आणि शेठजी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी शाल उलगडली तशी आबांनी एक पाऊल मागे घेतलं, शेजारच्या शेठजींचा कोपर धरला आणि त्यांना अलगद पुढे सारलं. "थोरल्यांच्या आधी माजा मान कसा? मंडळासाठी शेठजींनी लई केलं." खाली पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्यांनी शाल शेठजींच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि तुमचं मार्गदर्शन यापुढेही लाभत राहो, असं तोंडभरून म्हणाले. शेठजींना 'नाही' म्हणता आलं नाही. भर सभेत मान नाकारणं आमच्या तहजिबीत बसत नाही.

शहराला सत्काराचा एकच अर्थ ठाऊक. पुढच्या बैठकीत सभासदांनी शेठजींचे आभार मानून नवे अध्यक्ष निवडले. शेठजीही कुरकुर न करता घरी गेले. शाल त्यांच्याच दुकानातली होती.

त्यानंतर आबा कित्येक वर्षं आमच्याकडे टिकले. माझं खेळणं संपलं, मी मंडळाचा सेक्रेटरी झालो. आबांचे केस पिकले, नजर मंदावली. पलीकडचा गोल त्यांना दिसेनासा झाला. कडेच्या खुर्चीत बसून ते मला विचारत, "गोली, गोल झाला का?" मी म्हणे, नाही. "ब्येस," म्हणत आणि पुन्हा समोर बघत बसत.

एका साली आम्ही शहरातली मोठी स्पर्धा जिंकलो. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा. आमचा डावा बॅक शेवटच्या क्षणांत कसा कोण जाणे पुढे पोचला आणि त्याने गोल मारला. मैदान नाचत होतं. आबांनी त्याला बोलावून विचारलं, "तू तिकडं कशाला गेला व्हतास?"

दुसऱ्या दिवशी पोरांनी मैदानावरच मांडव घातला. मला फक्त 'संध्याकाळी या' एवढंच सांगितलं होतं. नवी पोरं, नव्या कारखान्यांत लागलेली. आमच्या शहराची जुनी रीत त्यांच्या कानावर कधी आलीच नव्हती. आबांवर त्यांचा जीव होता आणि जीव असला की सत्कार करतात, एवढंच त्यांना ठाऊक. आपसात वर्गणी काढून त्यांनी सुंदर शाल आणली होती. आबांना मंचावर नेऊन बसवलं आणि कप्तानाने शाल उलगडली.

आबांना गोल दिसत नव्हता, पण शाल दिसली. ते उठून एक पाऊल मागे सरकले. हाताने बाजूला चाचपडले. पुढे सारायला शेजारी कुणीच नव्हतं, सगळी नातवाच्या वयाची पोरं. मग मागे उभ्या असलेल्या माझ्या बाहीला त्यांचा हात लागला.

"गोली, माजं काय चुकलं रं? हारलो तर नाय ना आपण?"

इतकी वर्षं ज्या माणसाला हसत आलो, तो आत एवढा घाबरून जगत होता हे मला त्या क्षणी कळलं. मी कप्तानाच्या हातून शाल घेतली, घडी घातली आणि माइकवर सांगितलं, "सत्कार रद्द. उद्या सकाळी नेहमीप्रमाणे सराव आहे. मॅनेजर येणार आहेत. उशिरा येणाऱ्याने येऊच नये." मला वेड लागलंय, अशा नजरेने पोरं माझ्याकडे बघत राहिली. कप्तानाचे डोळे भरून आले होते. त्याला मी नंतर सगळं समजावून सांगितलं.

सकाळी मी पोचलो तेव्हा आबा दावं घेऊन उभे होते. "सेक्रेटरीनंच उशीर केल्यावर पोरायनं काय शिकावं?" म्हणाले. बोलणी खाऊन इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

त्याच हिवाळ्यात एक दिवस सराव आटोपून ते घरी गेले, जेवले, जरा पडतो म्हणाले आणि झोपेतच गेले. बातमी द्यायला मी क्रांती चौकातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. तिथला उपसंपादक तरुण होता, भला होता. मी सांगितलं तसं त्याने लिहून वाचून दाखवलं : 'मंडळाचे माजी मॅनेजर आबा फुलबॅक यांचे निधन.'

"माजी काढा," मी म्हटलं.

"काका, वारले म्हणजे आता माजीच झाले ना?"

"आज सकाळी सराव घेतलाय त्यांनी. त्यांना कुणी काढलेलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्या शब्दावर रेघ मारली. तरी मी उठलो नाही. छापलेला पहिला अंक हातात येईपर्यंत त्या बाकावर बसून राहिलो.