दार आणि खिडकीच्या रेषेत

विक्रोळीच्या आमच्या चाळीत शेजारच्या काकूंकडे गॅसचा स्फोट झाला, त्या दुपारी मी घरी पीएचडीचं काम करत बसले होते. लॅपटॉपवर एका फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष होते. गोल कवच, आणि समोरासमोरच्या बाजूंना दोन फुगवटे.

"ह्याला शिंगं कसली गं?" दादाने विचारलं.

"तारा सगळीकडून सारखा फुटत नाही रे. पोटातून दोन बाजूंना झोत सुटतात, ते कवच फाडून बाहेर घुसतात. निदान मला तसं वाटतं. सरांना अजून पटलेलं नाही."

"झकास," म्हणत तो गॅलरीत गेला. तिथून त्याचा आवाज आला, "काकू, केवढा वास येतोय! काडी ओढू नका!"

स्फोट कानाला नाही, छातीला लागला. आत स्वयंपाक करणाऱ्या आईच्या अंगावर भांड्यांची मांडणी कोसळली. मी बाहेर धावले. काकूंचं दार चौकटीसकट कठड्यावर आदळलं होतं आणि दाराखाली दादा पेटला होता. मी सतरंजी घेऊन त्याच्यावर पडले. त्याच्या हाताची कातडी माझ्या मुठीत आली. तो गुरासारखा ओरडत होता. मागून आई किंचाळली, "माझ्या झिला रे! माझ्या लेकरा!"

काकू मात्र चालत बाहेर आल्या. केस जळलेले, चेहरा भाजलेला, पण धड. काडी ओढली तेव्हा त्या खोलीच्या एका बाजूला, कोपऱ्यात होत्या. खोलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शाबूत होत्या, त्यांवरच्या तसबिरीसुद्धा. सगळा मारा दारातून आणि दारासमोरच्या खिडकीतून गेला होता. खिडकीचे गज मागच्या गल्लीत पडले होते.

दादा वाचला. ड्रेसिंग बदलताना तो टॉवेल चावायचा, तरी किंकाळी वॉर्डभर जायची. मला पुढे कित्येक दिवस कॉम्प्युटरवर तारा फोडायचं धाडस झालं नाही. पहिला झोत कवचाला भिडला की मी स्क्रीन मिटायचे. शेवटी ते गणित मी पूर्ण केलं, पण आईला शेजारी बसवून.

दादा घरी आल्यावर काकू पेज घेऊन आल्या. त्याने बँडेजच्या हाताने वाडगा उडवला. गरम पेज त्यांच्या पायांवर सांडली.

"गॅसची नळी बदला म्हणून किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला? माझी वाट लागली ना!"

काकूंनी खाली बसून फरशी पुसली आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पेज घेऊन आल्या. आईने वाडगा घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही. त्या दादाच्या शेजारी बसल्या आणि चमचा पुढे धरला. दादाने भिंतीकडे बघत तोंड उघडलं.