बिनखताचा पट्टा

खताच्या दुकानात माल येतो-जातो, किस्से मात्र साठत राहतात. मार्केट यार्डाजवळच्या सलीमभाईंच्या दुकानात संध्याकाळी चहाला आम्ही तिघं असायचो: सलीमभाई, मांजरी गावचे शेतकरी तात्या आणि माती तपासायची नोकरी करणारा मी. त्या वर्षीचे सगळे किस्से तात्यांच्या लसूणघासाचे.

एकदा पेरला की हा चारा काही वर्षं कापत राहायचा. तात्यांचा मात्र विरळ पडला होता. तो सुधारला नाही तर उन्हाळ्याआधी बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, दोन्ही म्हशी विकायच्या, असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं. मी माती तपासली आणि सांगितलं, स्फुरद कमी आहे, सुपर फॉस्फेट टाका. तेव्हापासून माझीच झोप उडाली!

*

उभ्या घासाला खत द्यायचं ते कापणी झाल्यावर, आणि वरून पाणी. तात्यांनी तसं केलं आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. युरियासारखा हिरवा रंग का चढला नाही? स्फुरद सावकाश काम करतं, असं मी समजावलं. तरी ते रोज येऊ लागले. शेवटी सलीमभाई म्हणाले, "तात्या, खत दिलंय, मेंदी नाही."

*

पुढच्या कापणीच्या आधी तात्यांनी मला धरूनच शेतावर नेलं.

"झाडं कमी झाली हायेत, सायेब. तुमचं खत मारतंय."

खरंच कमी होती. वाकून पाहिलं, तर उरलेली झाडं चांगली फोफावली होती आणि त्यांच्या सावलीत मरतुकडी गेली होती. मी म्हटलं, झाडं मोजू नका, चारा तोला.

"तोलू. पर फरक नाय दिसला, तर म्हशी गेल्या."

*

फरक कळावा म्हणून मधला एक पट्टा मी मुद्दाम बिनखताचा ठेवायला लावला होता. कापणीच्या दिवशी सलीमभाई दुकानातला काटा घेऊन आले. खताच्या पट्ट्यातला चारा तोलला. तेवढ्याच लांबीच्या बिनखताच्या पट्ट्यातला तोलला. वजन सारखंच! पुन्हा तोललं, तरी सारखंच. तात्या गोठ्याकडे निघाले. मला बांधावर उभ्या काकूंकडे बघवेना.

काकूंनीच त्यांना हाक मारली.

"अवं, थांबा. गोणीत उरलं व्हतं ते खत मीच त्या पट्ट्याला घातलं. सगळी पंगत जेवतीया आन मधलं एकच पान रिकामं, मला नाय बघवलं."