देवरे सरांचं सभागृह

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्टाफरूमच्या कोपऱ्यात विसरलेल्या छत्र्या साठत जातात ना, तसे ते साठतात. कुठली कुणी कधी ठेवली आठवत नाही, पण टाकून देववत नाही. आमच्या राज्यशास्त्र विभागाच्या कोपऱ्यात साठलेल्या बहुतेक सगळ्या देवरे सरांच्या!

सर मूळचे सटाण्याकडचे. विधानसभा असो, जिल्हा परिषद असो, ग्रामपंचायत असो. चार माणसं ठराव करायला बसली की सर पाचवे. मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला आले, त्या पहिल्याच दिवशी टेबलावरचा फोन खणखणला आणि दचकून माझ्या हातातली फाईल खाली! कागद पंख्याच्या वाऱ्यावर खोलीभर.

"घाबरू नकोस शैला," रिसीव्हरवर हात ठेवून सर म्हणाले, "विरोधी पक्षाचा फोन आहे." मग फोनमध्ये, एकदम मऊ आवाजात, गावाकडच्या अहिराणीत, "काय शे?"

विरोधी पक्ष म्हणजे घरून काकू!

*

विषयही सरांनीच दिला. सभागृहात कधीच न बोलणारे सदस्य.

"हाच का, सर?"

"तुला ती माणसं आतून कळतील!"

मी हसले खरी. प्रबंध मी लिहिला असता हो, पण शेवटी तोंडी परीक्षेत बोलणार कोण? चारचौघांत माझा आवाज घशातच बसायचा. आणि पीएच.डी. हातची गेली तर कॉलेजातली हंगामी नोकरीही कायम होणार नव्हती.

*

सायखेड्याकडच्या एका गावात आम्ही ग्रामपंचायतीची सभा बघायला गेलो. सरपंच नवे होते. ते होते, खुर्च्या होत्या, सदस्यांचा मात्र पत्ता नाही.

"कोरमचं काय?" सरांनी विचारलं.

सरपंचांचा चेहरा खुलला. "शाळंत हाय ना सायेब! आत्ता मागवतो."

आणि खरंच, शिपाई डोक्यावर कॅरम बोर्ड घेऊन हजर! नाशिकचे प्रोफेसर कॅरम खेळतायत म्हटल्यावर एकेक करून सगळे सदस्य बघायला आले. सर सपाटून हरले, पण सभेला कोरम झाला!

परतताना म्हणाले, "संस्था अशाच टिकतात गं."

*

इंदिरानगरला एक माजी आमदार राहायचे. पूर्ण मुदतभर सभागृहात तोंड न उघडलेले. त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता: का बोलला नाहीत? सरांनी मला एकटीलाच पाठवलं.

मी बसले. ते बसले. मी छताकडे बघितलं, त्यांनी कॅलेंडरकडे. चहा आला, गार झाला. शेवटी आतल्या दारातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मला बघायला आले होते तेव्हाही हे अस्सेच बसले होते!"

आमदारसाहेब इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. मग दिवेलागणीपर्यंत बोलत होते. घाईघाईत लिहून माझी बोटं आखडली.

सरांचा शेरा, "मुलाखतीचं तंत्र उत्तम!"

*

सरांना स्वतःला मात्र गप्प बसणं जमायचं नाही. मुंबईला विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसले असताना खाली एक सदस्य नियमाचा क्रमांक आठवत अडखळला. सरांनी वरून सांगून टाकला! मोठ्यानं, पोटनियमासकट! पुढच्या क्षणी सर बाहेर.

"सभागृहातून बाहेर काढलं जाण्याचा अनुभव अभ्यासकाला हवाच," घरी आल्यावर सर ऐटीत म्हणाले.

मेथी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "घरातून काढण्याचा हवा असेल तर सांगा, सोय होईल."

याच काकूंनी व्हायव्हाच्या आधी मला स्वयंपाकघरात बसवून रोज प्रश्न विचारले. मी अडखळले की पोळीवर तूप जास्त. माझ्या घरी कुणाला पीएच.डी. म्हणजे काय ते सांगता यायचं नाही, आणि इथे ही माऊली पोळ्या लाटत माझं दुसरं प्रकरण ऐकून घेत होती. हे कसं फेडायचं, मला अजून कळलेलं नाही.

*

व्हायव्हा पुण्याला. बाहेरून आलेले परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "न बोलणारा सदस्य निष्क्रिय असतो, असं तुम्ही म्हणता का?"

उत्तर तोंडपाठ होतं. आवाज मात्र गेला तो गेलाच. 

"या बोलतात ना?" परीक्षकांनी सरांना विचारलं.

"बोलते की! तिचं म्हणणं असं," सर सरळ सुरूच झाले, "की असा सदस्य निष्क्रियच असतो. मतदारसंघातही त्याचा काही उपयोग नसतो."

"देवरे, व्हायव्हा तुमची नाही."

"तसं नाहीये हो ते!" कोणीतरी ओरडलं. मी दचकून इकडेतिकडे बघितलं. मीच ओरडले होते!

"सर, अगदी उलट आहे! ही माणसं सभागृहात गप्प असतात, पण मंत्र्याच्या दालनाबाहेर, कचेरीत, बांधावर..." मग जी सुटले, ती परीक्षकांनी हात जोडेपर्यंत. "पुरे हो बाई! अभिनंदन. आता जेवायला जाऊ द्या."

परतीच्या वाटेवर, संगमनेरच्या एसटी स्टँडवर चहा पिताना मी धीर करून विचारलं, "सर, माझं प्रकरण तुम्ही तीनदा तपासलंय. तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगितलंत ना?"

सरांनी चहात बिस्कीट बुडवलं, ते चवीनं खाल्लं आणि उत्तराला उभ्या राहिलेल्या मंत्र्यासारखा घसा साफ केला.

"सदर बाबतीत," सर म्हणाले, "माहिती गोळा करण्यात येत आहे!"