वर्कशॉपची सही

माझी धाकटी नात लहानपणापासून इतका वाद घालायची की घरात तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. दोन वर्षं इंजिनिअरिंग केल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपल्याला यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या माणसाची चौकशी जास्त. परीक्षेत वाफेच्या इंजिनावर प्रश्न आला, तर ही लिहून आली की कोळसा कोण टाकायचं आणि त्याला सुट्टी मिळायची का. गुण शून्य. मला ते उत्तर एवढं आवडलं की मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

तर ठरलं, इतिहासाला जायचं. तिचा बाप, म्हणजे माझा थोरला, महिनाभर घुम्यासारखा बसून होता. शेवटी म्हणाला, "जा. पण वर्ष वाया गेलं तर गुपचूप इंजिनिअरिंग पुरं करायचं." त्याच विद्यापीठात इतिहासाला एकच जागा रिकामी होती आणि अर्ज घ्यायची खिडकी त्या दिवशी चारला बंद होणार होती. इंजिनिअरिंगकडचं काही देणं राहिलं नाही, अशा अर्जावर नऊ सह्या हव्या होत्या. आठ झाल्या. राहिली वर्कशॉपच्या मास्तरांची. थोरला कामावर, म्हणून पालक म्हणून मी सोबत.

मास्तर म्हणजे निळा डगला, कानावर पेन्सिल. अर्ज न बघताच म्हणाले, "जॉब कुठाय?"

जॉब म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे. एकाला चौकोनी खाच, दुसऱ्याला चौकोनी जीभ. कानशीने घासून घासून असे बसवायचे की मधून उजेड दिसता कामा नये. हिचा अर्धाच झालेला.

"सर, मी सोडूनच चाललेय. आता जॉबचं काय?"

"सोडणारीकडूनच आधी घेतो. राहणारी काय, उद्याही देईल."

दोन वाजले होते. नातीने बाह्या सरसावल्या. मी स्टुलावर बसून घड्याळ बघतोय. माझा एक मेहुणा घड्याळं दुरुस्त करायचा, त्याने एकदा लग्नघटिकाच... पण ते जाऊ दे, इथे सव्वातीन झाले. कर्र कर्र चाललेली कानस एकदम थांबली. हिने तुकडे जुळवून उजेडात धरले आणि मधून पांढरी रेघ दिसली. जास्त घासलं गेलं होतं. खरवडलेलं लोखंड काही परत चिकटत नाही, आणि नवा तुकडा घ्यायचा तर दोन तास.

"आजोबा, गेलं," एवढंच म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. शेजारच्या ट्रेमध्ये दुसऱ्या पोरांचे जॉब ठेवलेले. त्यातला एक चकचकीत उचलून मी हिच्या टेबलावर ठेवला आणि हिचा माझ्या खिशात घातला. खिसा असा लोंबायला लागला की जणू आत कोंबडी बसवलीय.

नात परत आली तेव्हा मास्तर टेबलापाशी उभे होते. त्यांनी जॉब खिडकीकडे धरला. उजेडाचा टिपूस नाही. मग त्यावरून अंगठा फिरवला.

"कोणाचा हा?"

नातीने जॉबकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पंख्याची पाती मोजायला लागलो. 'माझा' एवढं म्हटलं की सही मिळत होती. असा माझा हिशेब.

"माझा नाही, सर."

"ते कळलंय मला. तू डावरी. तुझ्या कानशीच्या रेघा इकडे कलतात, ह्या तिकडे. चोरीच्या जॉबवर सही तर नाहीच, वर तक्रार जाईल."

मी उठलो, खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला. "मास्तर, चोर मी. तिला माहीतसुद्धा नाही."

"शिक्षण किती?"

"सातवी. गावच्या शाळेत."

"मग कॉपी करायला कुठे शिकलात? तेही इतकी वाईट?"

चारला वीस मिनिटं कमी. मास्तरांनी तिचा जॉब उजेडात धरला, रेघ बघितली, आणि तो तिच्याच हातात दिला. "किती आहे फट?"

तिने मोजायच्या पातळ पत्त्या एकेक करून आत सरकवल्या. "अर्धा मिलिमीटर. ह्या कोपऱ्यात जरा जास्त."

"कशामुळे?"

"शेवटी गुण्या लावून काटकोन बघितला नाही. घाई केली."

"वहीत लिही."

तिने लिहिलं. एरवी अर्धा तास वाद घालणारी पोर, पण लिहून वही सरळ त्यांच्यापुढे सरकवली. मास्तरांनी खाली दहापैकी दोन दिले आणि अर्ज ओढून सही केली.

"सर, पण मी तर नापास झाले."

"अर्जात लिहिलंय, जॉब दिला का. जमला का, असं कुठे विचारलंय? पळ आता."

ती पळाली. मी वर्कशॉपच्या दारात उभा. पटांगणापलीकडच्या खिडकीशी तिची पाठ तेवढी दिसत होती. कारकून घड्याळाकडे बघतोय, अर्ज उलटतोय, पुन्हा पहिलं पान काढतोय. मग ती वळली आणि इतक्या सावकाश चालत आली की मीच पटांगणात उतरून तिला अर्ध्या वाटेत गाठलं.

"लागला का शिक्का?"

"लागला."

तिने तिथूनच बापाला फोन लावला. सगळं सांगितलं, माझ्या चोरीसकट. फोनचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होतं. ती फोन कानाला घट्ट धरून उभी.

मग त्याने विचारलं, "इतिहासाचा पहिला तास किती वाजता आहे?"