शाल, श्रीफळ आणि पियानो

नव्या शालीचा वास आला की मला कर्जतच्या फार्महाउसवरची ती वाद्यवृंदाची मैफल आठवते. पियानोवर खोपोलीची मुलगी होती. तिचं एकटीचं वादन आवडलं, तर वाद्यवृंदाचा पाहुणा संचालक तिला शिकायला परदेशी नेणार होता. तिची वेळ आली तशी संचालकानं छडी खाली केली, बाकीची सगळी वाद्यं थांबली. कार्यक्रम संपला असं समजून आमचे सरपंच शाल-श्रीफळ घेऊन मंचावर धावले. संचालकाला शालीत गुंडाळून म्हणाले, "चला, मटण गरम हाय!" माणसं उठली, त्यांच्यामागून नारळ सांभाळत संचालकही गेला. ती रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवतच राहिली. शेवटी वाढपी आला. "ताई, बास करा आता, भाताचं पातेलं ठेवायला जागा नाय," म्हणत त्यानं पियानोचं झाकण लावलं. आज इतक्या वर्षांनीही सांगतो, तसं मटण पुन्हा कुठं मिळालं नाही.