बगळेतात्यांची राखण

बगळेतात्या पाण्यात उतरले की मुके आणि बाहेर आले की शिवराळ. उंच, वाळके, मान पुढे काढून तासन्‌तास एका जागी उभे राहणारे, म्हणून हे नाव आम्हीच ठेवलेलं. ते तुडीलचे, खाडीच्या पाण्यावर वाढलेले. मी पोलादपूरचा शाळामास्तर, रविवारी नदीवर गळ टाकून बसणारा. मला तसा बसलेला बघून म्हणायचे, "मास्तर, मासा आपणहून येईल म्हणून बसलायस? बायको पण अशीच मिळवलीस काय रे?"

आम्हा तिघा गळवाल्यांना समुद्रावर नेलं ते त्यांनीच. श्रीवर्धनच्या बाजूला, होडीने तासभर आत, पाण्याखाली बुडालेल्या खडकांवर, खडपांवर. हातात रबरावर ताणलेला भाला, डोळ्यांवर चष्मा आणि एका दमात खाली. हेकरू मासा कपारीत शिरला तर मात्र ते सोडून द्यायचे. "त्याचं घर हाय ते. घरात घुसून मारायचं नाय."

राखणीचा नियम कडक. एक जण खाली गेला की होडीतल्या एकाने नुसतं पाण्यावर लक्ष ठेवायचं. विडी नाही, मोबाइल नाही, गप्पा नाहीत. एकदा मी राखणीला असताना डबा उघडला, तर वर येऊन त्यांनी तो चपात्यांसकट समुद्रात भिरकावला. "माझा जीव तुझ्या डोळ्यांत हाय, पोटात नाय." शाळेत कुणी असा अपमान केला असता तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं. तात्यांचा राग कधी आलाच नाही.

त्या शेवटच्या दिवशी राखणीला मीच होतो, आणि मी पापणी लवू दिली नाही. पण मी पडलो नदीचा माणूस. आमच्याकडे पाणी एकाच बाजूला वाहतं, बुडी मारणारा उताराकडेच निघतो. सकाळपासून ओहोटी होती, तात्या दर वेळी पश्चिमेला वर येत होते, म्हणून मी पश्चिमेलाच बघत राहिलो. मध्येच भरती लागली, पाणी उलट पूर्वेला ओढू लागलं. नांगरलेली होडी वळली, तसा मीही जागेवर वळून पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून बसलो. तात्या माझ्या पाठीमागे वर आले. भोवळ आली असावी, आवाज काहीच झाला नाही. गळ टाकून बसलेल्या आमच्यातल्या एकाने मान वळवली, तेव्हा ते पालथे तरंगत होते. मी गाढव तोवर रिकाम्या पाण्याकडे इमानाने बघत होतो.

किनाऱ्यावर ते दोघे म्हणाले, "हार्टचं होतं म्हणायचं. वयही झालं होतं." मी मान डोलावली.

सहा महिन्यांनी तात्यांच्या बायकोला, काकूंना, खरं सांगायचं ठरवून मी तुडीलला गेलो. मुंबईची नोकरी सोडून आलेला त्यांचा मुलगा पडवीत वडिलांचा भाला पुसत बसला होता. काकूंनी चहा दिला.

"याला न्या तुमच्यासंगती," त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, मास्तर राखणीला असला की मला घोर नाय. दुसऱ्या कुणाबरोबर मी याला धाडायची नाय."

तोंडाशी आलेलं मी गिळलं. म्हणालो, "मी सोडलं आता ते, काकू. वेळ होत नाही."

त्या माझा कप उचलत म्हणाल्या, "बरोबर हाय. माणूस होता तवर वळख."

त्यांच्या लेखी मी कृतघ्न ठरलो, आणि मला हायसं वाटलं.